मुंबईतील यहुदी वारसास्थळे पायी कशी पाहावीत

मुंबईतील यहुदी वारसास्थळे पाहायला निघालेला नवखा माणूस बहुधा काळा घोडा परिसरातील निळ्या सिनेगॉगपासून, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरापासून, सुरुवात करतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. ती वास्तू देखणी आहे, अलीकडेच तिचा जीर्णोद्धार झाला आहे आणि चर्चगेट व सीएसएमटी या दोन्ही स्थानकांपासून ती सोयीची पडते, त्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की मराठी वाचकाने या फेरीचा आरंभ मशीद स्थानकाजवळच्या सॅम्युएल स्ट्रीटपासून करावा, कारण पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या, कोकणातील गावांची आडनावे लावणाऱ्या बेने इस्रायल समाजाने या शहरातले आपले पहिले प्रार्थनामंदिर त्या वस्तीत उभारले. तिथून सुरुवात केली की पुढच्या भव्य इमारती कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशांतून बांधल्या हे आपोआप उलगडत जाते. फेरी उलट्या क्रमाने केली, तर मराठी यहुद्यांचा इतिहास बगदादहून आलेल्या ससून घराण्याच्या श्रीमंतीच्या मागे झाकला जातो.

निघण्यापूर्वी: दोन समाजांची ओळख

मुंबईत यहुद्यांचे मुख्यतः दोन समाज नांदले. त्यांची गल्लत करू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्मी तयारी झाली असे समजावे.

पहिला समाज बेने इस्रायलांचा. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. कोकणातल्या गावांत हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून आसपासचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू ग्रंथ आणि बहुतेक प्रार्थना विस्मरणात गेल्या होत्या, तरी शनिवारचा विसावा, सुंता, खवले आणि कल्ले असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना त्यांनी टिकवली. पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर, राजपूरकर ही त्यांची आडनावे वाचली की रायगड जिल्ह्याचा नकाशाच डोळ्यांसमोर येतो. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही कुटुंबे मुंबईत येऊ लागली. त्यांतले अनेक जण ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरले आणि पुढच्या पिढ्या रेल्वे, टपाल, शाळा व कचेऱ्यांत स्थिरावल्या.

दुसरा समाज बगदादी यहुद्यांचा. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास बगदादहून मुंबईत आले. कापूस, सूत आणि चीनकडे जाणारी अफू यांच्या व्यापारावर त्यांचे घराणे गडगंज झाले. या घराण्याच्या दानशूरपणाच्या खुणा मुंबईत पावलोपावली दिसतात. मात्र त्या संपत्तीत अफूचा मोठा वाटा होता, हे जो मार्गदर्शक सांगत नाही त्याने अर्धाच इतिहास सांगितला असे मी मानते. बगदादी घराणी बेने इस्रायलांना बरोबरीचे मानायला दीर्घकाळ कचरत असत, आणि म्हणूनच दोन्ही समाजांची प्रार्थनामंदिरे व दफनभूमी वेगळी राहिली. हा प्रश्न मार्गदर्शकाला मोकळेपणाने विचारावा. समाजातली जाणती माणसे त्याचे उत्तर टाळत नाहीत.

पहिली पायरी: मार्गदर्शक निवडणे

ही फेरी एकट्याने करता येत नाही असे नाही, परंतु एकट्याने गेल्यास बहुतेक ठिकाणी फाटकापाशीच थांबावे लागते. ही सिनेगॉग संग्रहालये नाहीत. ती विश्वस्त मंडळांच्या ताब्यातली चालती प्रार्थनास्थळे आहेत आणि परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात कुलाब्यातील नरिमन हाउसला लक्ष्य करण्यात आले. तेव्हापासून शहरातल्या सर्वच यहुदी स्थळांवर पहारा असतो.

मार्गदर्शक तीन प्रकारचे मिळतात: पर्यटन विभागाचा परवाना असलेले व्यावसायिक मार्गदर्शक, शहरात वारसाफेऱ्या काढणारे गट, आणि स्वतः बेने इस्रायल समाजातील माणसे. शक्य असेल तर तिसरा पर्याय निवडावा. वास्तुशैलीची माहिती पुस्तकातही मिळते, पण दारफळणीच्या, म्हणजे त्यांच्या कडकडीत, उपासाला घरात काय चालते, किंवा मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या प्रसादाच्या, ताटात पोहे आधी की फळे आधी, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे तोच नीट सांगू शकतो.

पैसे ठरवण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रत्येक सिनेगॉगची आत जाण्याची परवानगी त्यांनी घेतली आहे का, की काही ठिकाणे केवळ बाहेरूनच दाखवली जाणार आहेत? गटात माणसे किती असतील? सॅम्युएल स्ट्रीटच्या गर्दीत दहा-बारांहून अधिक माणसांना एकत्र उभे राहून ऐकणे जमत नाही. फेरी मराठीतून होईल का, हेही आवर्जून विचारावे. इंग्रजीतून झालेल्या फेरीत या समाजाच्या मराठी कीर्तनांचा, गाण्यांचा आणि सणांच्या नावांचा रस पातळ होतो.

दुसरी पायरी: दिवस आणि वेळ

शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसू लागल्या की संपतो. या काळात पाहुणा म्हणून फेरी ठरवू नये. ज्यांना प्रार्थनाच अनुभवायची असेल त्यांनी विश्वस्तांना तसे वेगळे कळवून, निमंत्रण मिळाले तरच जावे, आणि गेल्यावर छायाचित्रे घेणे, वहीत टिपणे, मोबाइल वापरणे किंवा दानपेटीत पैसे टाकणे यांपैकी काहीही करू नये.

यहुदी पंचांग आपल्याप्रमाणेच चांद्रमास आणि अधिकमासाचे असल्याने सणांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी हलतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठे सण लागोपाठ येतात, आणि त्या दिवसांत बाहेरच्या गटांना प्रवेश मिळणे अवघड असते. मराठी माणसाने या सणांची बेने इस्रायल नावे जरूर ऐकावीत: वर्षारंभाचा नव्याचा सण, कडकडीत उपासाचा दारफळणीचा सण, आणि वसंताच्या तोंडावर, बहुधा मार्चमध्ये येणाऱ्या पुरीमला होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाला बिरड्याचा रोजा म्हणतात, कारण त्या उपासाच्या निमित्ताने वालाचे बिरडे खाल्ले जाते. कोकणाचे स्वयंपाकघर आणि जेरुसलेमचा शोक एकाच सणात असे एकत्र आलेले जगात आणखी कुठे सापडेल असे मला वाटत नाही.

ऋतूच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात मांडवी-डोंगरीकडच्या गल्ल्यांत चालणे जिकिरीचे होते. रविवारी घाऊक बाजाराची वर्दळ कमी असते आणि त्यामुळे चालणे सुखाचे होते, मात्र त्या दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक आहे का, हे आधी पाहावे. राणीची बाग आणि तिच्या आवारातील भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, म्हणून भायखळ्याची फेरी बुधवारी ठेवू नये.

तिसरी पायरी: कागदपत्रे, पोशाख आणि सामान

मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी पारपत्र ठेवावे. नावांची यादी आगाऊ मागितली जाते, तेव्हा आयत्या वेळी एखाद्या मित्राला सोबत घेऊन जाण्याचा बेत करू नये. मोठ्या बॅगा घरी ठेवाव्यात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. पुरुषांना आत डोके झाकावे लागते. टोपी दारात मिळते, पण आपली साधी टोपी किंवा रुमाल जवळ असलेला बरा. पाणी आणि आरामदायी पादत्राणे हवीतच. मांस असलेले खाद्यपदार्थ सिनेगॉगच्या आवारात नेऊ नयेत, कारण कोशेर, म्हणजे यहुद्यांचे खाण्यापिण्याचे, नियम सर्वांना ठाऊक असतातच असे नाही आणि नकळत मर्यादाभंग होऊ शकतो.

चौथी पायरी: सॅम्युएल स्ट्रीटची फेरी

मशीद स्थानकावर मध्य व हार्बर या दोन्ही मार्गांच्या गाड्या थांबतात, मात्र मुख्य मार्गावर धीम्या गाडीनेच यावे लागते. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत आले आहेत आणि या स्थानकाचे नावही तिथल्या जुन्या मशिदीवरून, म्हणजे शआर हारहामीम सिनेगॉगवरून, पडल्याचे सांगितले जाते. रस्त्यावर पत्ता विचारताना मात्र ‘इस्रायलांची जुनी मशीद’ असे पूर्ण सांगावे, कारण त्याच परिसरात मुसलमानांच्या अनेक मशिदी आहेत.

ही जुनी मशीद १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, यांनी उभारली. ते कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती ते सापडले आणि सुटका होऊन मुंबईस परतल्यावर त्यांनी हे मंदिर बांधले. सुटकेसाठी त्यांनी असा नवस केला होता, असे समाजात सांगतात. तोराची, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाची, हस्तलिखित गुंडाळी आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तिकडेच त्यांचे निधन झाले. रस्त्याला त्यांचेच नाव आहे. आज दिसणारी इमारत मूळ जागेवरची नाही. १८६० मध्ये मंदिर याच रस्त्यावरच्या सध्याच्या जागी आले.

इथे घाई करू नये. आत शिरताना चौकटीच्या उजव्या बाजूस बसवलेली लहानशी नळीसारखी डबी पाहावी. ती मेझुझा होय. तिच्यात चामड्यावर लिहिलेली शास्त्रवचने असतात, आणि यहुदी माणूस येता-जाता तिला हात लावून तो ओठांशी नेतो. पाहुण्याने तसे करण्याची गरज नाही. आत मधोमध कठड्याने वेढलेला लाकडी चौथरा दिसतो, त्याला तेबा म्हणतात. हझ्झान तेथे उभे राहून प्रार्थना चालवतो. जेरुसलेमच्या दिशेची, म्हणजे मुंबईत पश्चिमेकडची, भिंत सर्वांत पवित्र असते. तिच्यात हेखाल नावाचे पडद्याआडचे कपाट असून त्यात तोराच्या गुंडाळ्या उभ्या, मढवलेल्या पेट्यांत ठेवलेल्या असतात. हेखालाचा पडदा स्वतः सरकवू नये आणि तेब्यावर विचारल्याशिवाय चढू नये. छतातून लोंबणारे काचेचे तेलदिवे नीट पाहावेत. भाविक नवसासाठी किंवा दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ त्यांत तेल घालतात. एका बाजूस मान देऊन ठेवलेली रिकामी खुर्ची ही एलियाहू हनावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांची असते आणि मुलाच्या सुंतेच्या विधीत तिचा उपयोग होतो. वरचा सज्जा स्त्रियांसाठी असतो.

याच एलियाहू हनावींच्या नावाने बेने इस्रायल घरांत मलिदा होतो. भिजवलेले गोड पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, सुका मेवा आणि फळे यांचे ताट मांडून प्रार्थना म्हटली जाते आणि मग प्रसादासारखे वाटप होते. लग्न, गृहप्रवेश, फेडलेला नवस, परीक्षेतले यश, अशा कुठल्याही आनंदाला मलिदा घालतात. मार्गदर्शक समाजातला असेल तर फेरीच्या शेवटी मलिद्याची किंवा नारळाच्या दुधातल्या हलव्याची चव मिळू शकते. त्यासाठी आगाऊ सांगून ठेवावे लागते. दूध आणि मांस एकत्र खायचे नाही या नियमामुळे या स्वयंपाकात नारळाच्या दुधाचा वापर सढळ हाताने होतो.

देवळाचा कारभार पाहणाऱ्यांच्या पदनामांकडेही लक्ष द्यावे. मुकादम, चौगुला, गबई, हझ्झान आणि शमाश अशी ही नावे आहेत. त्यांतली पहिली दोन थेट मराठी गावगाड्यातून आलेली आहेत. विश्वस्तांशी बोलताना ‘मुकादम साहेब’ म्हटले तर ते वावगे ठरत नाही.

जवळच डोंगरीकडे टणटणपुऱ्यातील शआरे रासोन म्हणजे नवी मशीद आहे. जुन्या मशिदीत सावकाश वेळ गेला असेल तर ती बाहेरून पाहिली तरी चालेल.

पाचवी पायरी: भायखळा

मशीदहून धीम्या गाडीने भायखळ्याला यावे. स्थानकाच्या पश्चिमेस सर जे. जे. मार्गावर मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. डेव्हिड ससून यांनी ते बांधले, १८६४ मध्ये ते पूर्ण झाले आणि १९१० मध्ये त्यांचे नातू जेकब ससून यांनी त्याचा विस्तार केला. उंच खांबांची देवडी आणि घड्याळाचा मनोरा पाहताच जुन्या मशिदीशी असलेला फरक लक्षात येतो. तिकडे सैनिकाने नवसासारखे बांधलेले, वस्तीत मिसळून गेलेले मंदिर आहे, तर इकडे व्यापारी साम्राज्याने ऐसपैस आवारात उभारलेली वास्तू आहे. आवारातच ससून घराण्याच्या शाळा असून आज त्यांत बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. शाळेच्या वेळेत गेल्यास मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत.

मग पुलावरून पूर्वेला राणीच्या बागेकडे चालत जावे. बागेच्या आवारात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला घड्याळ मनोरा आहे, आणि ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही इथेच आहे. डेव्हिड ससून यांचे पुत्र अल्बर्ट ससून यांनी तो शहराला भेट दिला होता, आणि १९६५ मध्ये तो इथे हलवण्यात आला. जवळचे मसिना रुग्णालय हे एकेकाळी डेव्हिड ससून यांचे निवासस्थान होते. ते रुग्णालय असल्याने रस्त्यावरूनच पाहावे.

वेळ आणि पायांत बळ असेल तर टॅक्सीने आग्रीपाड्यातील मागेन हसिदीम आणि सात रस्त्याजवळील तिफेरेथ इस्रायल ही विसाव्या शतकातील बेने इस्रायल सिनेगॉग गाठता येतात. सात रस्त्याच्या जेकब सर्कल या नावाचा यहुद्यांशी संबंध नाही; ते ले ग्रँड जेकब या ब्रिटिश अधिकाऱ्याचे नाव आहे, आणि काही मार्गदर्शकही इथे चुकतात. तिथून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग मात्र १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर असलेल्या डॉ. एलाइजा मोझेस राजपूरकर या बेने इस्रायल गृहस्थांच्या नावाचा आहे.

सहावी पायरी: फोर्ट आणि कुलाबा, वेगळ्या दिवशी

ही फेरी त्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. केनेसेथ एलियाहू हे निळे सिनेगॉग जेकब ससून यांनी वडील एलियास यांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये उभारले. जीर्णोद्धारानंतर ते २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले आणि त्याच वर्षी त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. प्रार्थनेचे दालन वरच्या मजल्यावर आहे. रंगीत काचांची खिडकी नीट पाहायची तर दुपारनंतर, ऊन पश्चिमेकडे कलल्यावर जावे. छायाचित्रांसाठी वेगळी परवानगी व शुल्क लागू शकते, हे दारात विचारावे.

चार पावलांवर डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. पिवळ्या मालाडी दगडाची ही इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली, आणि प्रवेशद्वारात शिरताच डेव्हिड ससून यांचा संगमरवरी पुतळा दिसतो. वाचक बसलेले असतात, तेव्हा गटाने आत बोलू नये. मार्गदर्शकाने आपले निवेदन बाहेर पदपथावर आटोपलेले बरे. पुढे विज्ञान संस्थेच्या इमारतीच्या देणगीदारांतही जेकब ससून यांचे नाव आहे.

कुलाब्यातील नरिमन हाउस हे खबाद या यहुदी धार्मिक संस्थेचे केंद्र आहे. २००८ च्या हल्ल्यात तिथे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. त्यांच्या लहानग्या मुलाला, मोशेला, सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी त्याला बाहेर काढून वाचवले. आगाऊ नोंदणीशिवाय इथे जाऊ नये आणि इमारतीसमोर गल्लीत घोळका करून उभे राहू नये, कारण तिथे शेजाऱ्यांची घरे आहेत. शेवटी १८७५ चा ससून डॉक पाहायचा असेल तर पहाटेच जावे, कारण मासळीचा लिलाव सकाळी लवकर संपतो. कॅमेरा काढण्यापूर्वी विचारावे.

दफनभूमीला जायचे असल्यास

चिंचपोकळीची दफनभूमी बगदादी यहुद्यांची आहे आणि वरळीची बेने इस्रायलांची. नवख्यांनी वरळीला जावे, कारण तिथे थडग्यांवरच्या हिब्रू ओळींखाली मराठी मजकूर वाचायला मिळतो. थडग्यावरचे हिब्रू वर्ष इसवी सनात आणण्यासाठी त्यातून ३७६० वजा करावेत, म्हणजे ५६८४ हे वर्ष साधारणपणे १९२४ ठरते. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदलते, त्यामुळे वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी या उत्तरातून आणखी एक वर्ष वजा करावे. थडग्यावर फुलांऐवजी लहानसा खडा ठेवण्याची रीत आहे. ओट्यावर पाय देऊ नये, आणि बाहेर पडताना नळावर हात धुवावेत.

पुढे कुठे जावे

या फेऱ्यांनी गोडी लागलीच, तर पुण्याला जावे. तिथे कॅम्पातील ओहेल डेव्हिड, म्हणजे पुणेकरांचे लाल देऊळ, १८६७ मध्ये पूर्ण झाले असून त्याच्या आवारात डेव्हिड ससून यांची समाधी आहे. पुण्यातच १८७४ मध्ये शिळाछापावर निघालेल्या मराठी हग्गादात, म्हणजे पेसाह या सणाला वाचायच्या पोथीत, साडी नेसलेल्या स्त्रिया त्या सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या लाटताना दाखवल्या आहेत. मार्गदर्शकाकडे तिच्या पानांची प्रत असेल तर ती अवश्य पाहावी.

माझी पहिली शिफारस मात्र अलिबागची राहील. तिथल्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे आणि नवगावला, जिथे पूर्वज किनाऱ्याला लागले असे मानतात, तिथे स्मारकस्तंभ उभा आहे. खंडाळे गावाजवळ एलियाहू हनावींच्या टापाचा खडक दाखवतात आणि तिथे नवसाचे मलिदे होतात. गेटवेहून मांडव्याला लाँचने एका तासात पोहोचता येते, पण पावसाळ्यात लाँच बंद असतात. रस्त्याने जायचे झाल्यास वाटेत पनवेल आणि पेण येथील सिनेगॉगही पाहता येतात. तिन्ही गावांत आता मोजकीच यहुदी कुटुंबे उरली आहेत, आणि किल्ली राखणदाराकडे किंवा एखाद्या घरी असते. म्हणून मुंबईच्या मार्गदर्शकाकडूनच दोन-तीन दिवस आधी फोन करवून घ्यावा आणि पोहोचण्याची वेळ नक्की कळवावी.